दाणाबंदरातील मरी

सन १८९६ चा पावसाळा सरत आला होता. मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी भरलेल्या होत्या. तळमजल्यावर गहू, तांदूळ, कडधान्ये आणि साखर यांच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर हमाल, गुमास्ते आणि मेहताजी यांची बिऱ्हाडे, अशी तेथील वस्तीची रचना होती. कच्छ, काठेवाड आणि गुजरातेतून आलेल्या अनेक व्यापाऱ्यांच्या पेढ्या याच परिसरात होत्या. कच्छी दसा ओसवाल समाजाचे श्रीअनंतनाथांचे देरासर आजही तेथेच उभे आहे. त्या दिवसांत वखारींमध्ये मेलेले उंदीर मोठ्या संख्येने सापडू लागले. वखार म्हटली की उंदीर आलेच, आणि मेलेला उंदीर म्हणजे झालेली नासधूस थोडी कमी, एवढाच त्याचा हिशेब होता. त्या मृत उंदरांचा खरा अर्थ वैद्यकशास्त्राला कळण्यास पुढे दहा वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात या देशातील लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली.

सप्टेंबरात मांडवीच्या चाळींतून तापाचे रुग्ण निघू लागले. थंडी वाजून चढणारा तीव्र ताप, लाल झालेले डोळे, अडखळणारी जीभ आणि जांघेत किंवा काखेत अतिशय दुखरी गाठ. बहुतेक रोगी आठवड्याच्या आत दगावत. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हे रुग्ण तपासले आणि २३ सप्टेंबर रोजी हा गाठीचा प्लेग असल्याचे जाहीर केले. व्हिएगस मूळचे गोव्यातील बार्देशातल्या हडफडे गावचे, शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजातले आणि त्या वेळी मुंबई महापालिकेचे सदस्य. असे निदान उघडपणे सांगणे सोपे नव्हते. प्लेग हा शब्द उच्चारताच परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला बंद होणार, हे शहरातील प्रत्येक सराफाला आणि अडत्याला कळत होते. म्हणूनच आरंभी निदानावर शंका घेतल्या गेल्या, अन्य तज्ज्ञांना पाचारण झाले. परंतु व्हिएगस यांचेच म्हणणे खरे ठरले. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. तेथून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो कोणाचा हे ठाऊक असते.

कारण सापडले, वाट सापडली नाही

या साथीच्या दोनच वर्षे आधी, जून १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू दिसला होता. अलेक्झांद्र येर्सँ आणि जपानचे शिबासाबुरो किताझातो हे दोघे संशोधक तेथे एकाच वेळी, परंतु स्वतंत्रपणे काम करीत होते. येर्सँ यांना रुग्णालयात धड जागाही मिळाली नाही. गवताने शाकारलेल्या झोपडीत त्यांनी आपले सूक्ष्मदर्शक मांडले आणि रुग्णाच्या गाठीतील द्रवात त्यांना जंतूंची दाटी दिसली. मेलेल्या उंदरांतही त्यांना तोच जंतू आढळला. शतकानुशतके ज्या रोगाला दैवी कोप, दूषित हवा किंवा ग्रहदशा मानले गेले, त्याचे मूळ आता काचेच्या पट्टीवर पाहता येत होते.

परंतु जंतू दिसणे वेगळे आणि तो एका देहातून दुसऱ्या देहात कसा जातो हे कळणे वेगळे. तो मातीत राहतो, अन्नातून जातो, कपड्यांना चिकटतो, पायाच्या जखमेतून शिरतो, असे नाना तर्क होते. अधिकाऱ्यांचा भर जुन्या समजुतीवरच राहिला: घाण आणि दुर्गंधी हेच रोगाचे घर. त्यामुळे मुंबईची गटारे कार्बोलिक आम्ल मिसळलेल्या समुद्राच्या पाण्याने धुण्यात आली. ऊन आत यावे म्हणून घरांची कौले काढली, भिंतींना चुना फासला, अनेक घरांवर ती राहण्यास अयोग्य असल्याची अक्षरे रंगवली. स्वच्छता वाईट कशी म्हणावी? पण गटारांतील औषधामुळे उंदीर तेथून निघून घरांत शिरले आणि साथ उलट पसरली, असे मत पुढे काही अभ्यासकांनी मांडले आहे. वाट ठाऊक नसताना केलेला बंदोबस्त किती उलटू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

१८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे युरोपीय राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली. हिंदुस्थानचा समुद्री व्यापार बंद पडेल या धास्तीने सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर केला. घराची झडती, रुग्णाला सक्तीने हलवणे, आगगाडीतील प्रवाशांची तपासणी या सर्वांना त्याने मुभा दिली. हाच कायदा २०२० मध्येही आपल्या देशात लागू झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

सक्तीचा परिणाम ठरलेलाच होता. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. त्यानंतर रोगी लपवले जाऊ लागले, प्रेते रात्री गुपचूप हलवली जाऊ लागली. पुण्यात रँडच्या समितीने लष्करी शिपायांकडून घरांच्या झडत्या घेतल्या. त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्री काय झाले, ते महाराष्ट्राला सांगायला नको. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

मुंबईची वस्ती तेव्हा आठ लाखांच्या वर होती. फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. व्यापारी कुटुंबे देशावर, कच्छात, काठेवाडात, आपापल्या मूळ गावी परतली. बाजार ओस पडले, पेढ्यांना कुलपे लागली. जाणाऱ्यांच्या गाठोड्यांतून, गोधड्यांतून आणि बाजारात पाठवलेल्या पोत्यांतून आणखी काहीतरी प्रवास करीत होते. त्याची कल्पना कोणालाच नव्हती.

तुपाचे थेंब आणि एका गावातील अर्धी घरे

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ओडेसा येथे जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हे ज्यू शास्त्रज्ञ. पटकीची लस त्यांनी आधी तयार केली होती आणि १८९२ मध्ये स्वतःलाच टोचून पाहिली होती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन नोकर. एवढ्या साधनांवर त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली.

त्या लशीची कृती जैन वाचकांना एका कारणासाठी लक्षात राहण्याजोगी आहे. प्लेगचे जंतू पोषक रस्स्यात वाढवायचे असत. हाफकिन यांनी रस्स्यावर तुपाचे थेंब तरंगते ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ छतावरून लोंबणाऱ्या झुंबरासारखी खाली उतरे. भांडे हलवले की ती तळाशी जाई आणि वर नवी वाढ सुरू होई. पुरेशी वाढ झाली की उष्णतेने सर्व जंतू निर्जीव करीत आणि तोच द्रव टोचत. तूप ऐकून शाकाहारी मनाला बरे वाटेल, परंतु रस्सा बोकडाच्या मांसापासून केलेला असे. टोचणीच्या द्रवात मांस आहे ही शंका त्या काळी अनेक घरांत घेतली गेली आणि ती खोटी नव्हती. गोमांस आणि डुकराचे मांस टाळून हाफकिन यांनी बहुतेकांच्या भावनांचा विचार केला होता, सर्वांच्या नाही. देह वाचवावा की आचार, हा प्रश्न त्या काळच्या श्रावकांपुढे असा थेट येऊन ठाकला. काहींनी टोचून घेतले, काहींनी नाकारले, आणि दोन्ही निर्णयांच्या मागे मरणाचे भय सारखेच होते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लशीची मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी तीव्र वेदना झाल्या, पण अपाय झाला नाही. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथील जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस दिली गेली. उरलेले तसेच राहिले. एकच छप्पर, एकच अन्न, एकच पाणी. टोचून घेतलेल्यांत रोग कितीतरी कमी आढळला. पुढे तरुण आगाखान यांनी स्वतः लोकांसमक्ष टोचून घेतले आणि आपल्या अनुयायांचा विश्वास मिळवून दिला. सरकारी हुकुमांना जे साधले नव्हते ते एका धर्मगुरूच्या उघड्या दंडाने साधले.

पोर्तुगीज अमलातील दमण येथे १८९७ मध्ये सुमारे २,२०० लोकांनी लस घेतली. त्यांपैकी ३६ मृत्यू पावले. लस न घेतलेले सुमारे ६,००० होते. त्यांतून १,४८२ गेले. परंतु बडोदा संस्थानातील उंढेरा गावचा प्रयोग या सर्वांहून अधिक काटेकोर होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे गावातील प्रत्येक घरातली माणसे शक्य तितकी सारखी दोन भागांत विभागली. वय, प्रकृती, स्त्री-पुरुष हे पाहून घरातील अर्ध्यांना लस दिली, अर्ध्यांना नाही. नंतर २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील लस घेतलेली माणसे ७१. त्यांपैकी ८ आजारी पडली आणि ३ गेली. न घेतलेली ६४. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ गेली. एकाच चुलीवर जेवणारे, एकाच ओसरीवर झोपणारे भाऊ-भाऊ, सासू-सून. आजचे वैद्यकीय नीतिनियम अशा प्रयोगास परवानगी देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. मात्र लस उपयोगी पडते की नाही हे मतांवरून न ठरवता तुलनेच्या आकड्यांवरून ठरवावे, ही आधुनिक वैद्यकाची रीत उंढेऱ्यात किती लवकर आणि किती महाग किमतीला आली, हे त्या २६ मृत्यूंवरून कळते.

मग आले मलकोवालचे प्रकरण. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशी समितीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन यांना पदावरून दूर केले. त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता, ही गोष्ट कागदपत्रांत होती. तिच्याकडे काणाडोळा झाला. सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा अन्याय मांडला, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरील डाग पुसला गेला. परळच्या ज्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये थाटली गेली होती, तेथे ते पुन्हा परतले नाहीत. त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, ते हयात असताना.

मेलेला उंदीर काय सांगत होता

दरम्यान, वाटेचे कोडे कराचीत सुटले होते आणि कोणी ऐकत नव्हते. पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर मुंबई आणि कराची येथे साथीचा माग काढीत होते. मेलेला उंदीर ज्याने उचलला तो माणूस थोड्याच दिवसांत आजारी पडतो, परंतु उंदीर मरून बराच वेळ लोटला असेल तर पडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. काही रुग्णांच्या पायावर त्यांना बारीक फोड दिसले, जणू कीटकाचा दंश. २ जून १८९८ रोजी त्यांनी एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगग्रस्त उंदीर ठेवला, त्यावर पिसवा सोडल्या आणि तो मरणाच्या दारात असताना जाळीच्या छोट्या पिंजऱ्यातून एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होणे अशक्य होते. आजारी उंदीर मेला. काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. मधल्या जाळीतून पार जाऊ शकली ती फक्त पिसू.

सिमाँ यांचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. सरकारी प्लेग आयोगाने तो जवळजवळ झटकून टाकला. पुढील सात-आठ वर्षे देशभर चुना आणि कार्बोलिक यांचाच कारभार चालू राहिला.

१९०५ पासून नव्या संशोधन आयोगाने परळ येथे हे काम पुन्हा हाती घेतले. ग्लेन लिस्टन हे त्यातील एक प्रमुख नाव. त्यांनी मुंबईच्या चाळींत, जेथे नुकतेच रुग्ण निघाले होते, तेथे गिनी पिग सोडले. हा प्राणी पिसवा गोळा करण्याचे जिवंत साधनच ठरला. रिकाम्या खोलीत रात्रभर ठेवलेल्या गिनी पिगच्या अंगावर उंदरांवरच्या पिसवा सापडत, आणि काही दिवसांत तो प्लेगने मरे. मग परळच्या आवारात छोट्या झोपड्या बांधून प्रयोग झाले. जेथे पिसवा नव्हत्या तेथे आजारी आणि निरोगी प्राणी आठवडे-आठवडे एकत्र राहिले, एकमेकांच्या मलमूत्रात वावरले, एकाच ताटलीत खाल्ले. निरोगी प्राण्यांना काही झाले नाही. पिसवा सोडताच साथ सुरू झाली. एक प्रयोग तर इतका साधा की शाळेतल्या मुलालाही समजावा. जमिनीपासून अवघे दोन इंच उंचीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातील गिनी पिग प्लेगने मेले. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातील वाचले. पिसवेची उडी सुमारे चार इंचांपलीकडे जात नाही.

१९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतील बॅकट आणि मार्टिन यांनी साखळीची शेवटची कडी उलगडली. जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत वाढून तिचा मार्ग बंद करतात. भुकेली पिसू पुन:पुन्हा दंश करते, पण रक्त आत जात नाही. ते जंतूंसह उलटून दंशाच्या जागी परत येते. म्हणजे ती पिसूही त्या रोगाची बळीच. उंदीर मरतो, त्याचा देह थंड पडतो, पिसू त्याला सोडते आणि जवळच झोपलेल्या माणसाकडे वळते. १८९६ मध्ये मांडवीच्या वखारीत मेलेल्या उंदरांचा अर्थ हा होता. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांकडे पिसवा निघाल्या होत्या.

हे उमगल्यावर बंदोबस्ताचा सारा रोख बदलला. उंदीर मारण्याच्या मोहिमा निघाल्या आणि त्यांना जैन, वैष्णव आणि इतर अनेकांचा विरोध झाला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याची संभावना अंधश्रद्धा म्हणून केली. पुढील अनुभवाने मात्र दाखवून दिले की साथ चालू असताना केवळ उंदीर मारत सुटणे धोक्याचे असते: जितके उंदीर मरतील तितक्या पिसवा यजमानाच्या शोधात मोकळ्या होतील. म्हणूनच आज प्लेगच्या बंदोबस्तात पिसवांचा नायनाट आधी आणि उंदरांचा नंतर, असा क्रम सांगितला जातो. विरोध करणाऱ्यांना हे शास्त्र ठाऊक होते असे म्हणण्यात अर्थ नाही. त्यांची प्रेरणा जीवदयेची होती. आणि पिसवांवर औषध फवारणे ही हिंसा नव्हे, असेही म्हणता येणार नाही. म्हणून हा संघर्ष साथ आल्यावर सुटत नाही. सुटलाच तर साथ येण्यापूर्वी, वखारीच्या बांधणीत सुटतो. जमिनीपासून उंच चौथरा, सिमेंटची सलग फरशी, थप्पी आणि भिंत यांत माणूस फिरू शकेल एवढे अंतर, झरोक्यांना बारीक जाळी, सांडलेला दाणा रोजच्या रोज झाडून उचलणे, आणि गुदामाच्या वर माणसांची बिऱ्हाडे नसणे. उंदराला दाणा मिळाला नाही तर तो तेथे वाढतच नाही. कोणाला मारावे लागत नाही. जुन्या मांडवीतल्या बहुतेक गुदामांत यांपैकी एकही गोष्ट नव्हती, कारण जागा महाग होती आणि वरच्या मजल्याचे भाडे मिळत होते.

किंमत जबर होती. १९०७ या एकाच वर्षात हिंदुस्थानात सुमारे १३ लाख माणसे प्लेगने मेली. साथीच्या सर्व दशकांत मिळून हा आकडा एक कोटीच्या पुढे जातो.

ज्याला संपले असे मानले

१९४३ मध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने चित्र पालटले. जो रोग उपचाराविना निम्म्याहून अधिक रुग्णांना नेत असे, तो वेळेवर औषध मिळाल्यास बरा होऊ लागला. देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये तो रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. वैद्यकाचे लक्ष हृदयविकार, कर्करोग, मधुमेह यांकडे वळले. संसर्गजन्य रोग हा जुन्या पिढीचा विषय, अशी समजूत मोठमोठ्या डॉक्टरांतही रुजली. हुशार विद्यार्थी हृदयाचे किंवा मेंदूचे तज्ज्ञ होऊ पाहत. साथरोगांच्या अभ्यासाकडे वळणारे थोडे. भारतात १९६६ नंतर प्लेगचे रुग्ण नोंदले जाईनात, तसतशी पाहणीची पथकेही ढिली पडली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यात अनेकांनी भीतीने घरे सोडली आणि धान्य मात्र घरांतच राहिले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात पिसवा फार झाल्याच्या तक्रारी आल्या, पाठोपाठ गाठी आलेले रुग्ण. जवळजवळ शंभर वर्षांनंतर तोच क्रम: साठवलेला दाणा, वाढलेले उंदीर, पिसवा, माणूस.

सप्टेंबरात सुरतेत तापीच्या पुरानंतर रुग्ण आढळले ते अधिक घातक प्रकारचे, फुप्फुसाच्या प्लेगचे. या प्रकारात पिसू लागत नाही. खोकल्यातून रोग थेट पसरतो. हिऱ्यांचे कारखाने आणि कापडबाजार असलेले ते शहर काही दिवसांत रिकामे झाले. लाखो लोक गाड्यांना लटकून निघाले. पालनपुरी जैन आणि काठेवाडी कारखानदारांच्या घंट्या थांबल्या, अनेक खासगी दवाखाने बंद झाले, औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली, निर्यातीचा माल बंदरांत पडून राहिला. प्रत्यक्ष मृत्यू पन्नासच्या आसपास. १८९६ शी तुलना केली तर हा आकडा किरकोळ. औषधांनी आपले काम केले होते. पण पळणाऱ्यांची गर्दी, लपवाछपवी आणि व्यापाराची कोंडी या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा परतल्या. जंतूचे कारण आणि वाट दोन्ही ठाऊक असूनही भीतीवर औषध सापडले नव्हते.

टेट्रासायक्लिनच्या त्या झुंबडीत आणखी एक धोका दडलेला होता. ज्यांना रोग नव्हता त्यांनी गोळ्या घेतल्या; बहुतेकांनी दोन-चार दिवस घेऊन सोडून दिल्या. अशा अर्धवट मात्रांतून जंतू औषध पचवायला शिकतात. १९९५ मध्ये मादागास्कर बेटावर एका मुलाच्या शरीरातून प्लेगचा असा जंतू वेगळा करण्यात आला, ज्यावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनसह अनेक औषधे निरुपयोगी ठरत होती. सुदैवाने तो पसरला नाही. तेथेच २०१७ मध्ये प्लेगची मोठी साथ आली. रुग्ण २,४०० च्या वर, मृत्यू २०० च्या वर. औषधे चालली म्हणून आकडा तेथे थांबला. क्षयाच्या बाबतीत मात्र हे सुदैव उरलेले नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि त्यांच्यात औषधांना न जुमानणारा क्षयही आढळतो. लग्नसंबंधात अडचण येईल म्हणून मुलीचा खोकला घरातच दाबून ठेवणे, बरे वाटताच महागडी औषधे मध्येच थांबवणे, शेजारच्या दुकानातून ओळखीवर चार गोळ्या आणून देणे हे चांगल्या शिकलेल्या, सुखवस्तू व्यापारी घरांतही चालते. आणि १८९७ मध्ये रोगी माडीवर लपवणाऱ्यांना नावे ठेवताना हे विसरले जाते.

सुरतेने आपला मार्ग काढला. १९९५ मध्ये एस. आर. राव यांनी महापालिका आयुक्त म्हणून सूत्रे हाती घेतली. अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून रोज गल्लीत पाठवले गेले, रस्त्यांची झाडलोट रात्री सुरू झाली, उपाहारगृहे आणि मिठाईच्या दुकानांवर दंड बसू लागले, झोपडवस्तीत फरशा आणि शौचालये आली. अतिक्रमणे हटवताना बड्यांचे ओटेही सुटले नाहीत, याची चर्चा त्या शहरात दीर्घकाळ चालली. शहरातील तापाच्या आणि जुलाबाच्या रुग्णांची नोंद रोज पालिकेकडे येऊ लागली. व्यापाऱ्याने दिवसाअखेरीस रोजमेळ बसवावा तशी ती बसवली जाई, आणि एखाद्या गल्लीतला आकडा नेहमीपेक्षा वर गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी पथक तेथे पोहोचे.